शिवडी, कॉटन ग्रीन आणि वऱ्हाडचा कापूस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकासमोर रांगेने उभ्या राहू लागल्या की यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयाकडे एकाच विषयाचे प्रश्न येऊ लागतात. आपला कापूस पूर्वी मुंबईत कुठे उतरत होता, 'कॉटन ग्रीन' म्हणजे काय, शिवडीचे बंदर कोणी बांधले, हे विद्यार्थी विचारतात, शेतकरी विचारतात आणि ज्यांचे आजोबा जिनात तोलणार किंवा मुकादम होते अशी माणसेही विचारतात. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील हे उपनगर ज्या मालासाठी उभे राहिले, त्याचा मोठा वाटा आपल्या काळ्या मातीत पिकला होता. तरीही हा इतिहास मुंबईचा म्हणून सांगितला जातो आणि वऱ्हाडाचे नाव त्यात ओझरते येते. म्हणून आलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा येऊ नये यासाठी जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. शिवडी नेमकी कुठे आहे आणि तिला औद्योगिक बंदर-उपनगर का म्हणतात?

शिवडी मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. तिच्या दक्षिणेला कॉटन ग्रीन, रे रोड आणि माझगाव, उत्तरेला वडाळा आणि पश्चिमेला परळ-लालबागचा गिरणगाव येतो. मुंबई सात बेटांची होती त्या काळी परळच्या बेटाची ही पूर्वेकडील कड होती. येथे चिखलाची खाजणे होती आणि खाडीवर नजर ठेवणारा एक लहान किल्ला होता. इंग्रजांनी हा किल्ला १६८० मध्ये बांधला आणि १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली तेव्हा तो त्याच्या हाती गेला. पुढे तेथे कैदी ठेवले गेले आणि नंतर बंदराचे सामान साठवले गेले.

औद्योगिक बंदर-उपनगर हे रूप शिवडीला विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत आले. समुद्रात भराव टाकून नवी जमीन केली गेली, तिच्यावर रेल्वेचे रूळ आले, रुळांच्या कडेने गोदामे उभी राहिली आणि गोदामांच्या पाठोपाठ कारखाने आले. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पुढील बहुतेक उत्तरे त्यावर आधारलेली आहेत. भरावाची हकीकत प्रश्न ५ मध्ये आहे.

२. कॉटन ग्रीनमध्ये पूर्वी कापूस पिकत होता का?

नाही. हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा येतो आणि नाव ऐकून तसे वाटणे स्वाभाविक आहे. इंग्रजीत गावाच्या मधोमध असलेल्या मोकळ्या हिरव्या मैदानाला 'ग्रीन' म्हणतात. मुंबईच्या कोटात टाउन हॉलसमोर असे एक मैदान होते आणि आज तेथे हॉर्निमन सर्कलची बाग आहे. बंदरातून बाहेर जाणाऱ्या कापसाचे ढीग त्या मैदानावर पडत, म्हणून त्या जागेचा कापसाशी संबंध जडला. भर वस्तीतील या ढिगांचा त्रास होऊ लागल्यावर १८४४ मध्ये बाजार कुलाब्याला हलवण्यात आला आणि कुलाब्याच्या त्या जागेला 'कॉटन ग्रीन' म्हणू लागले. १९२० च्या दशकात बाजार पुन्हा हलला, या वेळी शिवडीच्या भरावावर, आणि नावही त्याच्याबरोबर तेथे गेले.

म्हणजे हा बाजार तीन ठिकाणी फिरला आहे. जुन्या कागदात 'कॉटन ग्रीन' असा उल्लेख सापडला तर आधी साल पाहावे आणि मगच जागा ठरवावी. १९०० सालच्या पत्रातील कॉटन ग्रीन शिवडीचे नाही, ते कुलाब्याचे आहे.

३. रेल्वे येण्यापूर्वी आपला कापूस मुंबईला कसा जात होता?

बराचसा मुंबईला जातच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाड आणि नागपूरकडील कापसाचा मोठा भाग उत्तरेकडे, गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे आणि तेथून होड्यांनी पुढे बंगालकडे रवाना होई. हा माल बैलांच्या पाठीवर लादला जाई. बंजाऱ्यांचे तांडे तो वाहून नेत. घाट, नद्या आणि अवकाळी पाऊस यांतून जाताना रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, भिजे, तिच्यात धूळ-कचरा मिसळे आणि तिचा भाव पडे. मुंबईकडे येणाऱ्या मालाचीही हीच अवस्था होती, कारण शेवटी सह्याद्रीचा घाट उतरावाच लागे.

१८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या हा योगायोग असेल. मात्र वऱ्हाडच्या कापसावर इंग्रज व्यापाऱ्यांची नजर आधीपासून होती आणि रेल्वेची दिशा ठरताना कापूस डोळ्यासमोर होता, यात शंका नाही. भुसावळहून निघालेला फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. जलंबहून खामगावला जाणारी शाखा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली. देशाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने एवढ्याशा शाखेसाठी खामगावला यावे, यावरून त्या बाजाराचे वजन कळते. बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा निघाला आणि पुढे मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ व दुसरीकडे अचलपूर अशी अरुंद रुळांची गाडी आली. तीच आपली शकुंतला. १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. पुलगाव-आर्वीची छोटी लाइनही याच कुळातली. पऱ्हाटीच्या पट्ट्यातून मुख्य लाइनपर्यंत माल आणायचा आणि तेथून तो मुंबईच्या किनाऱ्याला पोहोचवायचा, ही या सगळ्या रुळांची दिशा होती.

४. अमेरिकेतल्या युद्धाचा आणि मुंबईच्या बंदराचा संबंध काय? शाळेत हे सांगतात, पण नीट उलगडत नाही.

इंग्लंडमधील लँकशरच्या गिरण्या प्रामुख्याने अमेरिकेच्या दक्षिण भागातील कापसावर चालत. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध झाले, दक्षिणेची बंदरे अडवली गेली आणि इंग्लंडला कापूस मिळेनासा झाला. मग हिंदुस्थानी कापसाची मागणी एकदम वाढली आणि भाव कित्येक पटींनी चढले. हा पैसा मुंबईत आला, त्यातून कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या आणि त्यांच्या शेअरांवर सट्टा झाला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या.

बंदराच्या दृष्टीने महत्त्वाचे ते यानंतर घडले. किनाऱ्यावर गोद्या आणि भरावाची कामे करणारी एल्फिन्स्टन कंपनी सरकारने विकत घेतली आणि १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. खासगी कंपन्यांच्या हातातील किनारा एका सार्वजनिक संस्थेकडे आला नसता, तर पुढे शिवडीचा एवढा मोठा आराखडा कोणालाही आखता आला नसता असे माझे मत आहे. वऱ्हाडात मात्र त्या तेजीची आठवण वेगळी राहिली. भाव चढले तेव्हा ज्वारीच्या शेतात कापूस आला आणि भाव पडल्यावर सावकाराचे कर्ज तेवढे मागे उरले.

५. शिवडीची जमीन समुद्रात भराव टाकून केली म्हणतात. ती कोणी आणि कधी केली?

हे काम पोर्ट ट्रस्टने केले. ट्रस्टने आधी दक्षिणेकडे गोद्या बांधल्या : १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आज इंदिरा डॉक म्हणतात. ससून डॉक १८७५ चा असून तो मुळात ससून घराण्याच्या पुढाकाराने बांधला गेला. गोद्या वाढल्या तसा माल वाढला. तो ठेवायला जुन्या शहरात जागा उरली नाही, म्हणून माझगाव ते शिवडी या पट्ट्यातील उथळ खाजण बुजवण्याचे काम हाती घेतले गेले. १९१२ च्या सुमारास तेथे पाचशे एकरांहून अधिक नवी जमीन तयार झाली.

या जमिनीवर नंतर काय आले, ते पाहिले की ती कशासाठी केली हे कळते. १९१५ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. ती बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत जाई आणि वडाळ्याच्या बाजूला मुख्य रेल्वेमार्गांना जोडली होती. त्यामुळे बडनेरा किंवा वर्ध्याला भरलेला डबा मुंबई शहरात न शिरता थेट किनाऱ्यावरील गोदामापर्यंत येऊ शकत होता.

६. कुलाब्याला चांगला बाजार होता, मग तो शिवडीला का हलवला?

मुख्य कारण रेल्वेचे होते. कुलाबा मुंबईच्या दक्षिण टोकाला आहे. वऱ्हाड, खानदेश आणि नागपूरकडचा कापूस ज्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने येई, तिचा माल शहराच्या पूर्व बाजूला उतरे. तेथून कुलाब्यापर्यंत गठाणी, म्हणजे दाबून बांधलेले रुईचे गठ्ठे, बैलगाड्यांवर लादून भर शहरातून न्याव्या लागत. हंगामात अशा गाड्यांची रीघ लागली की रस्ते तुंबत. विकलेला माल जहाजावर चढवायचा तर तो पुन्हा उलट दिशेने गोदीकडे आणायचा आणि गिरणीला द्यायचा तर परळपर्यंत न्यायचा. एकाच गठाणीची वाहतूक दोनदा होई, हमाली दोनदा लागे आणि हा सगळा खर्च शेवटी कापसाच्या भावातून वजा होई. म्हणजे कुलाब्याच्या रस्त्यावरील प्रत्येक फेरीचे भाडे अखेर वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या खिशातून जात होते. ही गोष्ट मुंबईच्या इतिहासात फारशी लिहिली जात नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिली आहे.

दुसरे कारण आगीचे होते. रुई दाटीवाटीने साठवली की एका ठिणगीने सगळे संपते. शिवडीच्या मोकळ्या जमिनीवर गोदामे एकमेकांपासून अंतर राखून बांधता आली, रस्ते रुंद ठेवता आले आणि रूळ गोदामाच्या दाराशी आणता आले. तिसरे कारण साधे आहे : कुलाब्याची जमीन राहण्यासाठी हवीहवीशी आणि महाग झाली होती.

७. गठाण शिवडीला पोहोचल्यावर तिचे काय होत असे?

गठाण गोदामात थप्पीला लागण्याआधी तिचा नमुना काढला जाई. तरटाला छेद देऊन मूठभर रुई बाहेर काढायची आणि ती दलालाच्या हाती द्यायची. जाणता माणूस त्यातली चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून हलकेच ओढे, तुटलेले टोक टाकून देई, उरलेले तंतू पुन्हा एकावर एक लावून ओढे, आणि असे चार-पाच वेळा केल्यावर बोटांत समांतर तंतूंची एक पातळ पट्टी उरे. ती काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून तो तिची लांबी डोळ्याने जोखत असे. मी लहानपणी गावच्या जिनात हे पाहिले आहे. आजोबांच्या हातून तयार झालेली ती पट्टी वाऱ्याने उडू नये म्हणून मी श्वास रोखून उभा राहायचो. यंत्राने तंतूची लांबी मोजण्याची सोय मागाहून आली. मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळा सुरू झाली आणि तिने हे काम शास्त्रशुद्ध केले.

नमुन्यानंतर भाव. जुन्या कापूस बाजारांत हत्ता पद्धत चाले : घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत, त्यामुळे बाजूला उभ्या शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव कळतच नसे. ही पद्धत मोडण्याचे पहिले प्रयत्न आपल्याकडेच झाले. कारंजा येथे १८८६ मध्ये देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. आजची बाजार समिती या कायद्याच्याच वंशातली आहे.

आमच्या वाचनालयाच्या कपाटात गठाणीच्या जुन्या तरटाचा वीतभर तुकडा ठेवला आहे. त्यावर काळ्या शाईने प्रेसची, म्हणजे रुई दाबून गठाण बांधणाऱ्या कारखान्याची, खूण आणि एक आकडा छापलेला आहे. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक झाले. त्यामुळे रुईत पाणी मारले किंवा हलका माल मिसळला, तर शिवडीत गठाण फोडल्यावर ती कोणत्या प्रेसची हे लगेच कळे. त्याआधी, १९२३ च्या कायद्याने एका भागातील हलका कापूस दुसऱ्या भागातील चांगल्या कापसात मिसळण्यासाठी रेल्वेने नेण्यावर निर्बंध आले होते.

८. 'उमरा' आणि 'खंडी' हे शब्द आपल्याकडून मुंबईला गेले की मुंबईहून आपल्याकडे आले?

'उमरा' आपल्याकडून गेला. अमरावतीचे जुने नाव उमरावती. त्या बाजारातून येणाऱ्या मालाला इंग्रज व्यापारी 'उमरा' म्हणू लागले आणि पुढे वऱ्हाड-खानदेशच्या आखूड धाग्याच्या कापसाला मुंबईपासून लिव्हरपूलपर्यंत याच नावाने ओळखत. हिंगणघाटच्या मालाला त्याचे वेगळे नाव होते, कारण त्याचा धागा अधिक चांगला होता.

'खंडी' मात्र मुंबईच्या मापाची आहे आणि येथे गोंधळ होतो. धान्याची खंडी वीस मणांची. मुंबईत कापसाची खंडी अठ्ठावीस मणांची आणि तो मणही मुंबईचा, म्हणजे २८ पौंडांचा. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४ पौंड, आजच्या हिशेबाने सुमारे ३५६ किलो. जुनी गठाण याच्या बरोबर निम्मी, ३९२ पौंडांची होती. आज गठाण १७० किलोची धरतात, पण रुईचा भाव अजूनही खंडीवरच सांगतात. टीव्हीवर रुईचा भाव ऐकून तो क्विंटलच्या कापसाशी ताडून पाहू नये. खंडी रुईची असते आणि क्विंटलचा भाव सरकीसकट कापसाचा असतो.

९. शिवडीचा कॉटन एक्स्चेंज आणि काळबादेवीचा कॉटन एक्स्चेंज एकच का?

संस्था एक, जागा दोन आणि काम वेगळे. १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली. आज तिला कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया म्हणतात. शिवडीच्या भरावावरील इमारतीत तयार मालाचा, म्हणजे गोदामात असलेल्या गठाणींचा, व्यवहार होई. काळबादेवीला वायद्याचा बाजार होता, जेथे पुढील महिन्यात द्यायच्या मालाचे सौदे होत आणि माल डोळ्यासमोर नसे.

वायद्याच्या शेजारीच जुगार वाढला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडताना आणि बंद होताना निघणारा भाव मुंबईत तारेने येई आणि त्याच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून हे आकडे येणे थांबले, पण जुगार थांबला नाही. आकडे चिठ्ठ्यांतून काढले जाऊ लागले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे मटक्याचे शब्द कापसाच्या भावातून आले आहेत. ज्या मटक्याने आपल्या गावांतील कितीतरी घरे धुऊन नेली, त्याचे मूळ आपल्याच पिकाच्या भावात असावे याचे मला फार वाईट वाटते.

१०. आपला कापूस इंग्लंडलाच जात होता ना?

सुरुवातीला हो, पण शिवडीचा बाजार उभा राहिला तोपर्यंत चित्र बदलले होते. वऱ्हाडचा धागा आखूड होता आणि लँकशरच्या बारीक सुताला तो फारसा चालत नसे. जपानच्या गिरण्या मात्र असा कापूस मिसळून जाड सूत काढत. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने मुंबई ते कोबे अशी बोटसेवा सुरू केली आणि पुढील काही दशकांत जपान हिंदुस्थानी कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला. शिवडीच्या गोदामांतून निघालेल्या वऱ्हाडी गठाणींची मोठी वाट पूर्वेकडे जाणारी होती. 'आमचा कापूस मँचेस्टरला गेला' हे वाक्य १८७० साठी ठीक आहे, १९२५ साठी ते अपुरे आहे.

११. विदर्भाचा सगळा कापूस शिवडीतून जात होता असे म्हणता येईल का?

नाही, आणि हा अपवाद मोठा आहे. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापूस जेथे पिकतो तेथेच सूत काढावे या विचाराने. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अकोला आणि अचलपूर येथेही गिरण्या निघाल्या. या गिरण्यांनी घेतलेला कापूस शिवडीला गेला नाही.

दुसरा अपवाद व्यवहाराचा आहे. मुंबईतील आणि अहमदाबादेतील मोठ्या गिरण्या आणि रॅली, फोलकार्टसारख्या परदेशी पेढ्या वऱ्हाडातच आपले खरेदीदार ठेवत. असा माल आधीच विकला गेलेला असे, त्यामुळे तो शिवडीच्या बाजारात न उतरता गिरणीत किंवा गोदीत जाऊ शके. म्हणून एखाद्या प्रेसच्या जुन्या वहीत 'मुंबई' लिहिलेले दिसले, तर ती गठाण कॉटन ग्रीनलाच उतरली असे लगेच मानू नये.

१२. शिवडीत फक्त कापूसच होता का?

नाही. भरावाच्या कडेने लहान लहान बंदरे होती आणि त्यांच्या नावांतच त्यांचा माल सांगितलेला आहे : लाकडी बंदर, 'हे बंदर' (इंग्रजी 'हे' म्हणजे वाळलेले गवत) आणि टँक बंदर. उत्तरेकडे तेलाच्या टाक्या आल्या. १९३२ मध्ये शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तूप बनू लागले आणि १९३४ मध्ये त्याला लागूनच लिव्हर ब्रदर्सच्या साबणाचे उत्पादन सुरू झाले. तेल बोटीने येई, पक्का माल रेल्वेने देशभर जाई, म्हणून कारखान्याला ही जागा सोयीची होती.

ज्या रुळांनी आपली रुई शिवडीला गेली, त्याच रुळांनी डालडाचे पिवळे डबे आपल्या गावी आले. आमच्या आळीत त्या डब्यांत तुळस लावलेली असे, धान्य ठेवलेले असे, आणि पाणी भरायलाही तेच डबे वापरात होते. तो डबा शिवडीशी जोडलेला आहे हे मला फार उशिरा कळले.

१३. शिवडी उपनगर, मग ती मुंबई उपनगर जिल्ह्यात का नाही?

कारण दोन्ही ठिकाणी 'उपनगर' शब्दाचा अर्थ वेगळा आहे. मुंबई उपनगर जिल्हा वांद्रे आणि कुर्ला येथून सुरू होतो. शिवडी मुंबई शहर जिल्ह्यात आणि महापालिकेच्या एफ-दक्षिण विभागात येते. येथे आम्ही उपनगर म्हणतो ते जुन्या कोटाच्या शहराबाहेर वाढलेली वस्ती या अर्थाने. स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र जिल्हा 'मुंबई शहर' असाच लिहावा.

१४. १९४४ च्या गोदीतील स्फोटात आपला कापूस जळाला का?

१४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकिन हे जहाज स्फोट होऊन नष्ट झाले ते व्हिक्टोरिया डॉकमध्ये, शिवडीत नाही. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि कापसाच्या ८,७०० गठाणी होत्या. या गठाणी कराचीला चढवल्या होत्या, म्हणजे जहाजातील तो कापूस वऱ्हाडचा नव्हता. दुपारी धूर दिसला आणि चार वाजून गेल्यावर पहिला, त्यानंतर साधारण अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आजूबाजूच्या गोदामांतील मालही जळाला.

कापसाची आग का विझत नाही हे जिनात काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. दाबलेल्या गठाणीच्या आत आग धुमसत राहते, वरून पाणी मारले तरी ते आतपर्यंत पोहोचत नाही, आणि गठाण फोडली की वारा लागून ती भडकते. शिवडीची गोदामे अंतर राखून का बांधली (प्रश्न ६ पाहा), ते यावरून समजते.

१५. वऱ्हाडातली माणसे शिवडीत कामाला होती का?

होती, पण फार थोडी. गिरणगावातील आणि बंदरातील कामगार प्रामुख्याने रत्नागिरीकडचे कोकणी आणि सातारा-पुण्याकडचे घाटी होते. बोटीने किंवा पायी मुंबई त्यांना जवळ होती, आणि कोकणातील जमीन घरातल्या सगळ्यांना पोसत नव्हती. आपल्याकडे कापसाच्या हंगामात मजुरीला तोटा नव्हता आणि गिरणीचे काम हवे असेल त्याला नागपूर-हिंगणघाट जवळ होते. म्हणजे आपला माल मुंबईला गेला आणि माणूस गावीच राहिला. माझ्या मते मुंबईच्या बंदराच्या आठवणींत वऱ्हाडी बोली ऐकू येत नाही, त्याचे हे एक कारण आहे. हमालांना कायद्याचे संरक्षण १९६९ च्या माथाडी कायद्याने मिळाले.

१६. शिवडीचा कापूस बाजार ओसरला कशामुळे?

एका घावात नाही. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि शेतकऱ्याचा कापूस राज्याच्या यंत्रणेने घ्यायचा असे ठरले, त्यामुळे वऱ्हाडचा आडत्या आणि मुंबईचा दलाल यांची जुनी साखळी तुटली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. शिवडीच्या शेजारचा गिऱ्हाईकच नाहीसा झाला. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि माल कंटेनरमधून जाऊ लागला. कंटेनर नागपूरलाच भरून बंद करता येतो, मग मधल्या गोदामाची गरज उरत नाही. आज आपली गठाण निर्यात झाली, तर ती बहुधा शिवडीला न थांबता न्हावा-शेव्याला जाते.

१७. आता तेथे काय आहे, आणि आम्हाला पाहायला जायचे असेल तर?

विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावती एक्स्प्रेसने मुंबई सीएसएमटीला उतरावे आणि हार्बर मार्गाची लोकल धरावी. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन आणि मग शिवडी अशी स्थानके येतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी याच मार्गावर कुर्ल्यापर्यंत धावली. कॉटन ग्रीनला उतरून पूर्वेकडे गेले की कॉटन एक्स्चेंजची इमारत आणि जुन्या गोदामांच्या रांगा दिसतात. बराच भाग बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात असल्याने परवानगीशिवाय आत शिरू नये. रस्त्यावरूनही पुष्कळ दिसते.

शिवडीचा किल्ला स्थानकापासून जवळ आहे. त्याच्या तटावरून एका बाजूला तेलाच्या टाक्या आणि दुसऱ्या बाजूला १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेला, २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू दिसतो. तो शिवडीहून निघून न्हावा-शेव्याकडेच जातो. खाली जो चिखल उरला आहे, त्यावर हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली असतो, त्यामुळे पक्षी पाहायचे असतील तर त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ आधी विचारून निघावे आणि किल्ला सकाळी उन्हाआधी करून घ्यावा.